पावाच्या गाडीतली दुसरी बॅटरी

३ फेब्रुवारी, सोमवार

विमान नाही! डॉक्टरीणबाईंनी एका वाक्यात निकाल लावला — "ही फुफ्फुसं घेऊन विमानात बसायची परवानगी मी देणार नाही." आगगाडी मधे दोनदा बदलायची, आणि डब्यातला प्लग चालेल की नाही ते कुणाला ठाऊक. ह्यांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर, आणि दिवसरात्र चालू. अँब्युलन्सवाल्याला भाव विचारला आणि "बरं, कळवते" म्हणून फोन ठेवून दिला. कसलं कळवते!

हे घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. नाकात नळी, छोटं सिलिंडर मांडीवर. दारात उतरताना म्हणाले, "आपली गाडी आहे की."

आपली गाडी म्हणजे पावाची गाडी. बेकरी बंद केली तेव्हापासून मागच्या अंगणात उभी. मांजर तिच्यात पिल्लं घालतं, बाकी उपयोग शून्य. मी म्हटलं, "अहो, गाडीत मशीन कशावर चालणार? माझ्या डोक्यावर?"

"बॅटरीवर," म्हणाले. आणि हसले. किती दिवसांनी हसले! म्हणून मीही गप्प बसले, नाहीतर ओठांवर बरंच आलं होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

लेकीचा फोन. पिटुकली आता नीट दूध ओढते. पण अजून काही महिने तिला घराबाहेर काढायचं नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलंय. वेळेच्या कितीतरी आधी आली पोर. काचेच्या पेटीत राहिली, आता कुठे घरी आलीये. लेक तिला सोडून येऊ शकत नाही, घेऊनही येऊ शकत नाही. आणि हे जाऊ शकत नाहीत.

फोनवर दिसते नात. हे बघतात थोडा वेळ, मग फोन माझ्या हातात देऊन टाकतात. आज म्हणाले, "फोनमधून वास येत नाही गं." जन्मभर भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस. पाव झाला की नाही ते घड्याळाला नाही, नाकाला विचारायचे. त्या पिठानेच फुफ्फुसं खाल्ली.

एकदा मांडीवर घ्यायचंय त्यांना तिला. एवढंच. दुसरं काही मागत नाहीत, औषधाची चवसुद्धा बदलून मागत नाहीत.

तर मग गाडी! रस्ता दोन दिवसांचा, एक रात्र वाटेत. मधे तो उंचावरचा माळ — लांबच लांब, ना लॉज, ना वस्ती. चालवणार मी. हे आजारी पडल्यावर दुकानादुकानांत पाव मीच पोचवत होते, त्यामुळे गाडी माझं ऐकते. फक्त अंधारात डोळे दगा देतात, म्हणजे रात्री थांबायलाच हवं. थांबलं की इंजिन बंद. आणि मशीन मात्र उजाडेपर्यंत चालू पाहिजे. घोडं तिथे अडलंय.

८ फेब्रुवारी, शनिवार

बॅटरीवाल्याकडे गेलो दोघं. दुकान एवढंसं, पण माणूस बोलघेवडा.

"ताई, सोप्पं आहे. इंजिनाची बॅटरी एक, मशीनची दुसरी. दोघींच्या मधे ही डबी. इंजिन चालू असलं की डबी दोघींना जोडते, दोघी भरतात. इंजिन बंद केलं की डबी दोघींना तोडते. रात्रभर वापरा दुसरी! पहिलीला धक्का लागत नाही, सकाळी किल्ली फिरवली की गाडी सुरू."

"म्हणजे सासूसुनेच्या वेगळ्या चुली," मी म्हटलं. खूश झाला. सगळ्या गिऱ्हाइकांना आता असंच सांगणार म्हणाला.

हलकी, नव्या जातीची बॅटरी दाखवली. एका हाताने उचलली मी! किंमत ऐकली आणि दोन्ही हातांनी खाली ठेवली. मग घेतली ती घरोघरी वीज गेल्यावर लावतात तसली, पाण्याची, धोंड्याएवढी जड. घरातला इन्व्हर्टर गाडीत जाईल. जाड केबल, फ्यूज, आणि बॅटरीत किती उरलंय ते दाखवणारा इवलासा मीटर घेतला. भरलेली असली की तो बारा पॉइंट सात दाखवतो, अकराच्या खाली गेली की संपली म्हणायची.

ह्यांनी ती डबी कानाशी धरून हलवून बघितली. "ह्या एवढ्याशा डबीच्या भरवशावर माळावर थांबायचं?"

मी पटकन बोलून गेले, "अहो, तेवढ्याशा नळीच्या भरवशावर जगताच ना?"

त्यांनी डबी हळूच खाली ठेवली. माझी जीभ! घरी येऊन सारखं पाणी हवं का, चहा हवा का विचारत राहिले. ते म्हणाले, "अगं, विसरलो मी ते. तूही विसर आता."

९ फेब्रुवारी, रविवार

बॅटरी उचलताना कमरेत उसण भरली. हे खुर्चीतून — "गुडघ्यात वाक, कमरेत नाही." आता सांगतात!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवडाभर गाडीतच आहे मी. हे गाडीच्या मागच्या दारापाशी खुर्ची टाकून बसतात. मशीनची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून. बोलायला दम पुरत नाही, म्हणून हातात चमचा. पत्र्यावर एकदा टक् म्हणजे थांब. दोनदा म्हणजे चुकलीस. भराभर वाजवलं म्हणजे "अगं बाई, काय करतेस!"

आज नुसतं टकटकटकटक! फ्यूज मी इन्व्हर्टरजवळ लावत होते, तिथे जागा छान होती म्हणून. चमचा वाजला. मग एकेक शब्द सुटा करत — "फ्यूज... बॅटरीला... चिकटून. मधे वायर... घासली... तर आग." मशीन ऑक्सिजनचं, तिथे ठिणगी म्हणजे संपलंच. काढला, पुन्हा लावला. बॅटरीतून वायू निघतो म्हणून तिच्या बाजूच्या पत्र्याला भोकं पाडली, ड्रिल मीच चालवलं.

भाऊजी वरच्या मजल्यावरून खाली आले. हे थोरले, भाऊजी धाकटे, पण उपदेश करण्यात भाऊजीच थोरले. "वहिनी, एवढं कशाला? रात्रभर इंजिन चालू ठेवायचं!" मी म्हटलं, "आणि धूर तुम्ही ओढून घेणार का?" उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय!

पाना हातातून निसटून दोनदा पायावर पडला. अंगठा काळा-निळा. पण सांगू का, बरं वाटतंय. संध्याकाळी दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत बसतो. आधी काय होतं? मी टीव्ही बघायचे, हे छताकडे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

फजिती! सपशेल फजिती!

काल पहिली परीक्षा. गाडी अंगणातच, आत गादी टाकली, मशीन नव्या बॅटरीवर लावलं, आणि दोघं निजलो. निजलो कसले. पत्र्याच्या खोक्यात ते मशीन असलं घरघरतं, की कुणी डोक्यावर गिरणी मांडलीये. मी टक्क जागी. पहाटेच्या आधीच इन्व्हर्टर किंचाळायला लागला. ह्यांना सिलिंडर लावलं, घरात आणलं.

तेवढ्यावर भागलं असतं. सकाळी म्हटलं गाडी चालू करून बॅटरी भरावी. किल्ली फिरवली — कट्! नुसतं कट्! गाडीची बॅटरीसुद्धा ठणठणीत रिकामी!

चूक माझी. डबीला दोन बोल्ट असतात, एकीकडे एक केबल, दुसरीकडे दुसरी. मी दोन्ही केबली एकाच बोल्टवर आवळल्या होत्या, कारण तो हाताला जवळ होता. म्हणजे डबी मधे नव्हतीच. रात्रभर मशीनने दोन्ही बॅटऱ्या पिऊन टाकल्या.

मला हसू आलं. पण ह्यांचा चेहरा! मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं, भट्टी फुटली होती तेव्हासुद्धा नाही. म्हणाले, "हे माळावर झालं असतं तर? मी असा... आणि गाडी बंद... तू एकटी काय केलं असतंस?"

"झालं का पण? नाही ना झालं!"

पण त्यांचं डोकं तिथेच अडकलं. दुपारी जेवताना पुन्हा — "तू एकटी त्या माळावर."

१९ फेब्रुवारी, बुधवार

भाऊजींनी आज आवाज चढवला. गाडी सुरू होत नाही हे त्यांना कळलं, कळणारच, अंगण एकच. जिन्यात गाठून म्हणाले, "वहिनी, दादाला तिकडे पोचवायला नेताय की वर पोचवायला?"

मी घरात येऊन भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. त्यांचा भाऊ आहे, काळजीपोटी बोलले, सगळं समजतं. तरी रडू आलं ते आलंच.

हे म्हणाले, "काय म्हणत होता तो?"

"डबी बदला म्हणत होते."

२३ फेब्रुवारी, रविवार

दुसरी परीक्षा. केबली नीट बसवल्या, ह्यांनी स्वतः टॉर्च धरून तपासल्या, दोनदा.

डबी चोख! सकाळी गाडी पहिल्या किल्लीला सुरू. मी म्हटलं, "बघा! आता तरी पटलं ना? दुसरी संपली तरी पहिलीला काही होत नाही." मान हलवली. पण ती मान मला ठाऊक आहे. लग्नात भटजी विचारतात तेव्हा हलवतात तशी, समजो न समजो. संध्याकाळी लेकीला फोनवर सांगताना ऐकलं — "तुझी आई म्हणते डबी चांगली आहे."

आणि बॅटरी? नाही पुरली. झुंजूमुंजू व्हायच्या आतच इन्व्हर्टर ओरडला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! एक बॅटरी एका रात्रीला कमी पडते, हे स्वच्छ झालं. दुसरी नवी घ्यायची ऐपत नाही.

ह्यांनी नकाशा घडी करून ठेवला. तेच मला सहन होत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मिळाली! चौकातला छापखाना बंद झाला, त्यांची जुनी बॅटरी बॅटरीवाल्याकडे आली होती. तो द्यायला तयार नव्हता. "ताई, नवी आणि जुनी एकत्र बांधू नये. म्हातारी तरुणीला खाली ओढते. मीटर भरलेला दाखवेल, पण आतून पोकळ."

"एका रात्रीपुरती हवी," मी म्हटलं.

"एका रात्रीपुरती कुणालाच नको असते, ताई." पण दिली. पाणी भरून, घासूनपुसून दिली. वर म्हणाला, आधी घरी लावून बघा, रात्रभर चालली तरच निघा. शपथ घातली माझ्या गळ्याची.

मी म्हटलं हो. तिसरी परीक्षा पास झाली तर जायचं, नाहीतर नाही. हे मी ह्यांनाही निक्षून सांगितलं. "नाही पुरली तर विषय बंद. पुन्हा नाव काढायचं नाही."

"बरं," म्हणाले.

२ मार्च, रविवार

बॅटऱ्या दोन्ही चाकांच्या मधे बसवल्या, पट्ट्याने आवळल्या. पावाचे ट्रे ठेवायचे रॅक होते, त्यांच्या फळ्या काढून आडवा पलंग केला ह्यांच्यासाठी, डोक्याकडे उंच. त्यांना सपाट झोपता येत नाही. माझी गादी खाली. पडदे शिवले जुन्या पिठाच्या पोत्यांचे, धुऊन धुऊन मऊ झालेत.

आत बसले की अजून यीस्टचा वास येतो म्हणे ह्यांना. मला तर मांजराचा येतो. तसं म्हटलं तर हसता हसता खोकले, खोकता खोकता ओठ निळे पडले, आणि मी घाबरून मशीनचा आकडा वाढवला. आता त्यांना हसवायचीही चोरी.

४ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बाहेर बोलावलं. उन्हाळ्याच्या पुढचं काही बोलू नका म्हणाल्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. जायचंच असेल तर आत्ता जा. पण माळ उंचावर आहे, तिथे हवा विरळ, तिथे रात्र काढू नका, दिवसाउजेडी पलीकडे उतरा. आणि मशीन एक क्षणही बंद नको.

"काय म्हणाल्या?" ह्यांनी विचारलं.

"लवकर जा म्हणाल्या."

माझा हात धरला रिक्षात. चारचौघांत कधी न धरणारा माणूस.

७ मार्च, शुक्रवार

पुरली! पुरली! पुरली!

जीव भांड्यात पडला माझा. लहान मुलीसारखी अंगणात नाचायची राहिले फक्त.

काल झोपताना ह्यांनी मला दोन बोळे दिले कापसाचे. "कानात घाल. तू नाही झोपलीस तर गाडी कोण चालवणार?" मी नको म्हटलं, मशीन बंद पडलं तर मला कळायला नको? तर म्हणाले, "मला कळेल ना! माझ्या नाकात नळी आहे, तुझ्या नाही." आणि आणखी म्हणाले, "झोप गं. तू दमलीस. किती दिवस बघतोय मी." घातला कापूस. मेल्यासारखी झोपले.

सकाळी डोळे उघडले तर ऊन आलेलं, मशीन घरघरतंय, आणि मीटरवर अजून भरपूर! बॅटरीवाल्याला फोन केला, त्याचा विश्वासच बसेना. "म्हातारी चिवट निघाली," म्हणाला.

ह्यांचा चेहरा मात्र ओढलेला. डोकं दुखतंय म्हणाले, नखं काळसर. मी घाबरले. "आनंदाने झोप नाही लागली," म्हणाले. दुपारपर्यंत बरे झाले. आनंदाने झोप उडते खरी, माझ्या लग्नाआधी माझी उडाली होती.

८ मार्च, शनिवार

लेकीला कळवलं. ती फोनवर रडली, जावई मागून ओरडले, "या! या! लवकर या!"

१० मार्च, सोमवार

भाऊजी सकाळी आले आणि थेट गाडीखाली शिरले. ब्रेक, टायर, तेल, सगळं बघितलं. वर जाताना स्वतःचं जाड ब्लँकेट आणून ह्यांच्या पलंगावर टाकलं. "माळावर थंडी असते, दादा." मग भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, गियर हळू टाका, क्लच जुना आहे." त्या दिवशीचं काही काढलं नाही. मीही नाही.

मोठं सिलिंडर एक आहे बरोबर, दोन-तीन तासांचं. अडीअडचणीला. उद्या उजाडताच निघायचं.

११ मार्च, मंगळवार

माळावरून लिहितेय. व्हायला नको होतं तेच झालं. घाटात ट्रक आडवा पडला होता, रस्ता मोकळा व्हायला सगळी दुपार गेली. माळावर चढलो तेव्हा सूर्य टेकला होता. पुढे जायचं तर अंधार, मागे फिरायचं तर तोच घाट. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. दुसरा इलाज नव्हता.

पण दिवस काय गेला म्हणून सांगू! गाडी चालू असली की डबी दोन्ही बॅटऱ्या भरते, मशीन मजेत. हे माझ्या शेजारच्या सीटवर उशांमध्ये. प्रत्येक वळणाला पायाने ब्रेक दाबत होते, त्यांच्या बाजूला ब्रेक नाही तरी! "गियर," म्हणायचे. "दिसतंय मला," मी म्हणायचे. मग पुन्हा "गियर." मधेच एका गावात बेकरी दिसली. थांबायला लावलं. मी पाव आणला, तो नुसता हुंगला आणि म्हणाले, "भट्टी गार होती." अख्ख्या पावाला नाव ठेवून माझ्याकडे दिला. मी खाल्ला. चांगला होता.

पिटुकली कुणावर गेलीये, ह्यावर घाटात भांडलो. त्यांना वाटतं, माझ्यावर. फोनमध्ये मला तर ती कुणावरच गेलेली दिसत नाही, सुरकुतलेली, लालबुंद. "थांब, उद्या बघ," म्हणाले. "उद्या दुपारी माझ्या मांडीवर असेल."

वर आल्यापासून दम जास्त लागतोय त्यांना. मशीनचा आकडा एकाने वाढवला मी. मग बॅटरी तेवढी भरभर उतरणार हे दोघांनाही कळलं. सारखे मीटरकडे बघतात. मी म्हटलं, "अहो, नका बघू! संपली तर सिलिंडर आहे, आणि पहिली बॅटरी वेगळी आहे, गाडी सकाळी सुरू होणारच."

"तू म्हणतेस डबी चांगली आहे," म्हणाले.

"आहेच!"

"असेल." मग बराच वेळ बाहेर बघत होते. चहूकडे काही नाही. एक दिवा नाही, गाडी नाही, माणूस नाही. "इथे गाडी बंद पडली तर तू काय करशील गं?"

"तुम्हाला पाठुंगळी मारून चालत जाईन. पुरे आता!"

हसले. खोकला नाही आला, नशीब.

भाऊजींचं ब्लँकेट घातलंय अंगावर. सिलिंडर हाताशी ठेवलंय. कापसाचे बोळे काढून दिलेत मला, जिद्दच — "उद्या मला लेकीकडे पोचवायचंय ना? मग झोप." आज नको वाटत होतं, पण डोळ्यांची आग होतेय दिवसभराच्या उन्हाने, आणि अर्धा रस्ता अजून बाकी आहे. उजाडलं की निघू. दुपारी पोचू.

१३ मार्च, गुरुवार

काल उजाडताना जाग आली. आधी मीटर बघितला, सवयच लागली होती. बारा पॉइंट सहा! मला इतका आनंद झाला, की कानातला कापूस न काढताच ओरडले, "अहो, बघा, जशीच्या तशी आहे!"

मशीन त्यांनी स्वतः बंद केलं होतं. सिलिंडरला हातसुद्धा लावला नव्हता. बोट बटणावरच होतं, गार पडलेलं. अंगणातल्या त्या रात्रीही असंच केलं असणार, म्हणून पुरली होती बॅटरी.

गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. मी नळी त्यांच्या नाकात नीट बसवली, मशीन चालू केलं, आणि लेकीच्या दारात पोचेपर्यंत चालू ठेवलं.